मागच्या खोलीतलं ऑर्किड

दातांच्या त्या दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टर मॅडमही म्हणत. वास्तविक त्या तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या होत्या. अवजारं निर्जंतुक करण्याची मागची खोली हे तिचं राज्य. तिथल्या पूर्वेच्या खिडकीत ऑर्किडचं एक रोप होतं. दोन वर्षांपूर्वी फुलं गळाली तेव्हा मेलं म्हणून मॅडमनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं, आणि तिने ते उचलून आणलं होतं.

कुजलेली मुळं तिने कापली, माती टाळून झाडाच्या सालीच्या तुकड्यांत रोप बसवलं. मुळं चंदेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की थांबायचं. नियम एवढाच, पण तिने तो डोळ्यांत तेल घालून पाळला. रिसेप्शनवरची मुलगी चिडवायची, "मावशी, बाळ जेवलं का?" यंदाच्या थंडीत अखेर पानाच्या बगलेतून दांडा निघाला आणि त्याने सहा कळ्या धरल्या.

त्या दिसताच मॅडमनी रोप रिसेप्शनच्या टेबलावर न्यायला सांगितलं. तिने परोपरीने समजावलं: तिथे एसीचा झोत थेट येतो, कळ्या असताना जागा हलवणंही रोपाला सोसत नाही, फुलं उमलू द्या, मग खुशाल न्या. मॅडम "बरं बरं" म्हणाल्या.

पुढे मुलाच्या तापामुळे तिची आठवडाभर रजा झाली. परतली तेव्हा रोप टेबलावर होतं. दांडा पेशंटना दिसावा म्हणून कुंडी फिरवलेली, मुळांशी बर्फाचे खडे. तसं म्हणे मॅडमनी कुठेतरी वाचलं होतं. चार कळ्या पिवळ्या पडून गळल्या होत्या, दोन सुरकुतल्या होत्या. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या. "मेलं वाटतं पुन्हा. मावशी, जाताना टाकून द्या हं."

"मेलेलं नाही. तेव्हाही नव्हतं. फूल नसलं की तुम्हाला झाड मेलेलंच दिसतं."

थांबलेल्या पेशंटनी मोबाइलमधून माना वर केल्या. मॅडमनी आवाज खाली आणून बजावलं, की झाड दवाखान्याचं आहे, ते कुठे ठेवायचं हे त्या ठरवतील, आणि लोकांसमोर तमाशा नको.

"दवाखान्याचं होतं ते डब्यात गेलं," ती म्हणाली. "हे माझं. थोडं थांबला असतात, तर फुलल्यावर मीच आणून तुमच्यापुढे ठेवलं असतं."

कुंडी उचलून ती आत गेली. बर्फ वेचून काढला, साचलेलं पाणी ओतून दिलं. सुरकुतलेल्या कळ्यांना मात्र हात लावला नाही. पलीकडून मॅडमची हाक आली, पेशंट खुर्चीत बसला होता. तिने हातमोजे चढवले आणि तशीच उभी राहिली. दुसरी हाक आली. बोटं अजून थरथरत होती, आणि त्याच बोटांनी भुलीची सुई मॅडमच्या हाती द्यायची होती.

"पाच मिनिटं लागतील," तिने दारातून सांगितलं आणि दार लोटून घेतलं.