आठव्या माणसाचा पासपोर्ट

मित्रांनो, मी एक पासपोर्ट आहे आणि माझं आता वय झालं आहे. वय झालं म्हटलं की तुम्हाला वाटेल, हा बारा गावचं पाणी प्यालेला असणार. तर माझी पानं उलटून बघा. एका पानावर व्हिसा चिकटवलेला आहे, तोही वाया गेलेला. बाकी सगळी पानं कोरी. आम्हाला आयुष्य मिळतं दहा वर्षांचं, आणि ते मी नांदेडच्या एका घरात, लोखंडी कपाटात, विम्याच्या कागदांखाली काढलं. तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

माझ्या मालकीणबाईंचं नाव चंद्रप्रभाबाई. अर्धापूरच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. राहायच्या नांदेडात, त्यामुळे रोज सकाळी काळ्या-पिवळ्या जीपचा प्रवास. नऊ जणांच्या जीपमध्ये सोळा माणसं बसत. "सरकून बसा, बाई, सरकून बसा," असं ड्रायव्हर पंढरी ओरडायचा आणि बाई सरकायच्या. सरकून बसा म्हटलं की आधी बाईमाणूसच सरकतं, हे मला फार उशिरा कळलं.

अशा त्या अंग चोरून अर्धापूरला पोचायच्या आणि फळ्यावर खडूने हिमनदी काढायच्या. बाहेर बेचाळीस डिग्रीचं ऊन, खिडकीतून दिसणाऱ्या केळीच्या बागा, आणि बाई सांगताहेत, "हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. ती वाहते, पण वाहताना दिसत नाही." एकदा रत्नम्मा नावाच्या मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही पाह्यली का हो?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही गं. पण एक दिवस पाहून येईन आणि तुला सांगेन." मित्रांनो, मी जन्माला आलो तो या एका वाक्यापायी.

बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी त्यांच्या यजमानांनी, रेणुकादास सरांनी, दोघांचे फॉर्म भरले. फोटोवाल्याने "हसू नका" म्हणून दरडावलं, तरी माझ्यातल्या फोटोत बाईंचे डोळे हसताहेत. पोलीस चौकशीला दारात कोण आलं असेल? रत्नम्मा! आता खाकी वर्दीतली. रजिस्टर बाजूला ठेवून ती आधी बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, जाऊन या. मला सांगायचंय तुम्हाला, ध्यानात हाय ना?" नंतर पोस्टमन आम्हा दोन्ही पासपोर्टांना घेऊन आला. सरांनी आम्हाला देवापुढे ठेवलं, हळदकुंकू लावलं. माझ्या निळ्या पुठ्ठ्यावर त्या हळदीचा डाग अजून आहे. प्रवासाचा डाग म्हणाल तर तेवढा एकच.

दोन वर्षांनी सर गेले. त्यांचा पासपोर्ट माझ्याच पिशवीत राहिला. आम्ही दोघे शेजारी शेजारी पडून असायचो. मधे कोरोना आला, मग नातीचं आजारपण, मग घराचं बांधकाम. दर दिवाळीला बाई आम्हाला बाहेर काढायच्या, फडक्याने पुसायच्या आणि पुन्हा आत ठेवायच्या.

मग गेल्या डिसेंबरात बाईंचा मुलगा श्रीनाथ जेवताना म्हणाला, "आई, या मेमध्ये युरोपला जाऊ. गाडी भाड्याने घेऊन आपली आपण चालवू." श्रीनाथ डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याला मोकळीक मिळते ती परीक्षा झाल्यापासून नवी बॅच सुरू होईपर्यंत, म्हणजे ऐन मेच्या गर्दीत. साऱ्या जगाला सुट्टी असते तेव्हाच त्याला सुट्टी. "गर्दी असेल रे," बाई म्हणाल्या. पण म्हणता म्हणता उठल्या आणि मला काढून आणलं. माझी मुदत ऑक्टोबरपर्यंत होती. "बसतं, बसतं," असं त्या दोनदा म्हणाल्या. कपाटात पडून पडून मी जगण्याची आशा सोडली होती. त्या दिवशी मला नव्याने जीव आला.

पुढचे चार महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. जेवणाचं टेबल म्हणजे युरोप झाला होता. नकाशा पसरलेला, त्यावर वाटाण्याचे दाणे ठेवलेले. जिथे मुक्काम तिथे एक दाणा. श्रीनाथ फोनवर हॉटेलं शोधायचा, आणि बाई वहीत रस्ते लिहायच्या: कुठला घाट मेमध्ये बर्फाने बंद असतो, कुठे किती वाजता उजाडतं, हिमनदीपाशी सकाळी आठच्या आत पोचलं तरच गाडी लावायला जागा मिळेल. नात मनस्विनी विचारायची, "आजी, तू तिथं गेली होतीस का?" बाई म्हणायच्या, "रोज जात होते. जीपमध्ये बसून."

माणसं ठरली सात. श्रीनाथ, त्याची बायको पुनम, मनस्विनी, बाई; आणि लातूरहून बाईंची मुलगी ऋतुजा, जावई आदिनाथ, त्यांचा सत्यम. गाडीही सात सीटची. सगळं कसं मापात होतं. आणि फेब्रुवारीत जावयांचा फोन आला.

"श्रीनाथ, आमची आई बी येईन म्हणून राहिली. तिनं तुळजापूरच्या पल्याड काई पाह्यलं न्हाई. जमंल का?"

"येऊ द्या की, दाजी! त्यात काय? एक माणूस. सरकून बसू."

मित्रांनो, एवढंच वाक्य. आमच्याकडे कुणी येतो म्हटलं तर नाही म्हणत नाहीत आणि गाडीतल्या सीटा कुणी मोजत नाही. पाच जणांच्या गाडीत सात जण आणि दोन पोती कंधारहून नांदेडला हसत येतात. बाईंनी वहीतून मान वर केली, "अरे, तिकडे चालेल का आठ?" श्रीनाथ म्हणाला, "आई, पोरं मांडीवर घेऊ." बाईंनी पुन्हा वहीत मान घातली. भूगोलाच्या बाईंना सात आणि आठ कळत नव्हते असं नाही. पण विहीणबाईंना नको म्हणणारी मुलीची आई मराठवाड्यात अजून जन्मायची आहे.

मार्चमध्ये पुण्याला जाऊन सगळ्यांनी व्हिसासाठी बोटांचे ठसे दिले. बाईंचे ठसे यंत्राला लवकर लागेनात. एकतीस वर्षं खडू धरून बोटांच्या रेघा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीने पाचव्यांदा बोट दाबलं तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला. एप्रिलच्या शेवटी आठही व्हिसे आले. माझ्या अंगावर तो कागद चिकटला तेव्हा मी कसा मिरवलो म्हणून सांगू! शेजारच्या सरांच्या पासपोर्टाला मी म्हणालो, "तुमच्या वाटचंही बघून येतो." फार लवकर बोललो.

निघायला दहा दिवस राहिले होते. लातूरचे लोक दोन दिवसांसाठी नांदेडला आले होते. विहीणबाईंची, म्हणजे तारामतीबाईंची, लातुरात सगळ्या गल्लीने ओटी भरून पाठवणी केली होती. त्या दुपारी पुनमने गाडीवाल्यांचं पत्र मोठ्याने वाचलं. गाडीत माणसं सात. प्रत्येकाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा. मूल मांडीवर चालणार नाही. आठवा माणूस दिसला तर पोलीस गाडी पुढे जाऊ देणार नाहीत. मोठी गाडी हवी असेल तर क्षमस्व. या मोसमातल्या सगळ्या मोठ्या गाड्या जानेवारीतच गेल्या.

"दुसरी लहान गाडी घेऊ. दाजी चालवतील," पुनम म्हणाली.

आदिनाथराव खाली बघायला लागले. "माझं लायसन तीन वर्षांमागंच संपलंय. लातुरात कोण इचारतंय?"

मग बाईंनी वही उघडली. "मी रेल्वेने येते. तिकडे गावोगाव रेल्वे आहे. तुम्ही गाडीने या, मी त्याच गावात संध्याकाळी भेटते. वेळा लिहून ठेवल्यात मी."

"आई, तू एकटी? कुठं हरवलीस तर?"

हे श्रीनाथ म्हणाला. ज्या बाईने त्याला पाटीवर दिशा शिकवल्या, तिला तो म्हणाला, हरवशील. तो काळजीनेच बोलला, मी मान्य करतो. पण काळजी असती तर "मी येतो तुझ्याबरोबर रेल्वेने" असं कुणीतरी म्हणालं असतं. टेबलाभोवती बाई सोडून पाच मोठी माणसं होती. एकालाही ते सुचलं नाही.

तारामतीबाई हळूच म्हणाल्या, "इहीणबाई, म्या ऱ्हाते. मला काय कळतंय तिकडलं?"

"आई, तू गप बस," आदिनाथराव म्हणाले. "समद्या गल्लीला माहीत झालंय. आता माघारी नेलं तर लोक काय म्हणतील मला?" ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आईकडे बघत होती, आणि आई तिच्याकडे. लेकीचं सासर राखायचं होतं.

"मीच राहते," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "घराला कुणीतरी पाहिजेच. मला ऊनही सोसतं."

आता ऐका. आमच्याकडे पुरणपोळी वाढताना तीन वेळा आग्रह करतात. नको म्हणून हात आडवा धरला तरी चौथी ताटात पडते. पाहुणा निघाला तर त्याची पिशवी लपवून ठेवतात. आणि त्या दुपारी बाईंना किती वेळा "असं कसं, आई?" म्हटलं गेलं? एकदा. फक्त एकदा, तेही श्रीनाथने फोनकडे बघत. बाईंनी मान हलवली, आणि पुनम चहा ठेवायला उठली. मी टेबलावरच होतो. बाईंनी मला उचललं, व्हिसाचं पान एकदा उघडून पाहिलं आणि नेहमीच्या पिशवीत ठेवलं. दर दिवाळीला ठेवायच्या तसंच. त्याचाच मला जास्त राग आला.

सगळ्यांसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बाईंनीच करून दिली. वहीसुद्धा दिली, हिमनदीच्या पानाला कोपरा दुमडून. "माझ्यासाठी तेवढं नीट बघून या," त्या म्हणाल्या.

मंडळी गेली. रोज फोटो यायचे. बाई मला कपाटात ठेवायच्या नाहीत, टीव्हीशेजारी ठेवायच्या, म्हणून मलाही दिसायचे. हिमनदीच्या दिवशी त्या पहाटेच आंघोळ करून फोन घेऊन बसल्या. फोन आला दुपारी चारला.

"आई, काय सांगू, लई गर्दी! उठायला उशीर झाला. गाडी लावायला जागाच नाही. अर्धा तास फिरलो आणि सोडून दिलं. पोरं कंटाळली होती. खाली तळ्यावर थांबलोत, मस्त आहे इथं."

"मी आठच्या आत लिहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो गं, वही बॅगेतच राहिली."

मागून एक फोटो आला. गाडीच्या आतला, सगळे हसताना. आदल्या दिवशी घाटात मळमळलं म्हणून तारामतीबाई त्या दिवशी हॉटेलातच थांबल्या होत्या. त्यांच्या जागेवर दशम्यांची पिशवी ठेवलेली होती, आणि ती सांडू नये म्हणून तिला पट्टा लावलेला होता. बाईंनी तो फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ त्या पिशवीकडेच बघत होत्या. मग फोन पालथा ठेवला आणि मला कपाटात टाकून दिलं.

जूनमध्ये माझा व्हिसा संपला. ऑक्टोबरात मीही संपलो. परवा श्रीनाथ फॉर्म घेऊन आला. "आई, नवीन पासपोर्ट काढून ठेवू. पुढच्या वर्षी नक्की."

बाई शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "चौकशीला रत्नम्मा येईल."

"मग येऊ दे की."

"ती विचारेल, बाई, पाहिली का. तिला काय सांगू, श्रीनाथ? आठ माणसं होतो, म्हणून सरकून बसले?"

श्रीनाथ फॉर्म टेबलावर ठेवून आत गेला. फॉर्म अजून तिथेच आहे, कोरा, माझ्यासारखाच.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, फडक्याने पुसा, असं मी सांगणार नाही. मला भरपूर पुसलं होतं, त्याने काही झालं नाही. एवढंच सांगतो. सुट्टीचे बेत ठरताना तुमच्या घरात कुणी "मी राहते" म्हणालं, तर तिला तीनदा विचारा. तीनदा नाही म्हणाली तरी चौथ्यांदा विचारत बसू नका. तिची पिशवी उचला, गाडीत ठेवा, आणि तुम्ही सरका.