मला हार घातला त्या दिवशी

मित्रांनो, दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या मागं पत्र्याची एक लांबट शेड आहे. आत शिरलात की डाव्या हाताला एक उतरती फळी दिसेल. वर काथ्याची चटई, कडेनं लालभडक ऑइलपेंट. त्या रंगावरून मला नवा समजू नका. तो रंग कसा लागला तेच तर सांगायचं आहे. मी म्हातारा स्प्रिंगबोर्ड आहे, जिम्नॅस्टिक्सच्या पोरांना हवेत पाठवणारा.

माझं काम साधं असतं. पोर लांबून धावत येतं, दोन्ही पाय माझ्यावर आदळतं. मी त्याला वर फेकतो. ते पुढच्या गादीच्या टेबलावर हात टेकून पलटी घेतं आणि पलीकडे उभं राहतं. याला व्हॉल्ट म्हणतात. टाळ्या पोराला मिळतात, मला पायांची धूळ मिळते. तक्रार नाही.

जन्म माझा यवतचा. हायवेवर बबनरावांचं गॅरेज होतं, ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, बसवायचं. मल्हारी सर दौंडच्या एका शाळेत व्यायाम शिकवायचे. विकतचा बोर्ड परवडेना, म्हणून ते एके दिवशी गॅरेजात येऊन उभे राहिले.

"बबनराव, पोरं उडवायची हायेत."

"ट्रक उडवा म्हनलात तरी उडवीन," बबनराव पान्यावर फुंकर मारत म्हणाले, "पण खाली झेलनार कोन ते आधी ठरवा."

दोन फळ्या आणि मध्ये उसाच्या ट्रकचे जुने पाटे, असा मी झालो. त्या ट्रकनं आयुष्यभर इतका ऊस वाहिला होता, की सुरुवातीला माझ्या पाट्यांना मुंग्या लागायच्या. सर रोज झटकायचे, त्या रोज यायच्या. शेवटी पोरांच्या उड्यांनी त्याच एकेक करून केडगावला जाऊन पडल्या, आणि तिथून चालत परत यायचा त्यांना कंटाळा आला.

हसता काय? रोहनचं ऐका मग. किडकिडीत पोरगा होता. त्याला मी असा फेकला की तो पत्र्याच्या फटीतून बाहेर. सर खाली हात पसरून उभे. चहा आला, चहा पिऊन झाला, कप विसळून झाले, तेव्हा रोहन खाली उतरला आणि म्हणाला, "सर, पुण्याची गाडी यवतच्या पुढं आलीया." खोटं वाटत असेल तर बबनरावांना विचारा. ते याच्यावर आणखी चार गोष्टी चढवतील.

मायाची गोष्ट मात्र अशी वाढवून सांगता येत नाही. ती जेवढी आहे तेवढीच सांगतो.

माया ही खंडूची मुलगी. खंडू रेल्वेत ट्रॅकमन. उन्हातान्हात रुळाच्या कडेनं हातोडा घेऊन चालणारा माणूस. मुलगी शेडमध्ये आली तेव्हा माझ्या लांबीएवढीच उंच होती, आणि पहिल्या दिवशी माझ्यावर पाय ठेवायच्या आधी तिनं मला हात लावून विचारलं, "ह्यो लागतो का?" पुढं तीच माया शेडमधली सगळ्यात मोठी, सगळ्यात नेमकी उडी मारणारी झाली. तिचे पाय माझ्यावर पडले की आवाज एकच यायचा. इतरांचे दोन आवाज येतात, एक डाव्या पायाचा, एक उजव्या पायाचा.

आमच्या शेडची एक रीत होती. रोज पहिली उडी थोरल्यानं मारायची, मग धाकट्यांनी. आणि पहिल्या उडीआधी थोरल्यानं मला उलटा करायचा. माझ्या खाली चार रबरी पाय आहेत, ट्रॅक्टरच्या टायरचे कापलेले. ते ओल्या फडक्यानं पुसायचे, गुळगुळीत झाले असतील तर सरांना सांगायचं. गुळगुळीत रबर घसरतं. माया हे काम न चुकता करायची. धाकटी सायली तेव्हा शेजारी उभी राहून म्हणायची, "ताई, त्याला गुदगुल्या व्हत असतील."

सायली शिरूरची. दौंडला मामाकडे राहून शिकत होती. तिचे आजोबा हौसराव आबा म्हणजे शिरूरच्या मार्केट यार्डात ज्यांना लोक आपणहून वाट करून देतात असे बागायतदार. गावात काही चांगलं घडलं की मांडव घालणार ते आबाच, आणि काही वाईट घडलं तर पहिल्यांदा दारात उभे राहणारेही तेच.

यंदा दोघींची राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली. सायलीची ज्युनियरमध्ये, मायाची सीनियरमध्ये. स्पर्धा दूर उत्तरेकडे होती. मल्हारी सर दिवसभर उगाच माझ्याभोवती फिरत राहिले. मायाच्या दृष्टीनं त्या स्पर्धेत फार काही होतं. तिथं नंबर लागला तर रेल्वेच्या खेळाडूंच्या भरतीत तिला अर्ज करता येणार होता. खंडू एकदा शेडच्या दारात उभा राहून सरांना म्हणाला, "सर, हिनं रेल्वेतच यावं. पण हातोडा न घेता यावं."

निघायला थोडे दिवस राहिले असताना आबांचा फोन आला. सत्कार करायचा. शिरूरला, बाजारतळावर.

सर म्हणाले, "आबा, जाऊन आल्यावर करू की."

"आल्यावर परत करू. पोरी नॅशनलला निघाल्यात, आन् गपचिप जायच्या व्हय? आन् हे बघा, फेटा दोघींना सारखा. माझी नात म्हणून तिला मोठा आन् मायाला बारका, असलं मी खपवून घेनार न्हाई."

आबांचं मन असं मोठं होतं. म्हणून तर कुणाला नाही म्हणवलं नाही. "एक उडी दाखवा लोकांना," एवढंच त्यांनी वर जोडलं. मग मला, टेबलाला आणि गाद्यांना टेंपोत घालून एक दिवस आधी शिरूरला पाठवलं.

मित्रांनो, तिथं माझं जे झालं ते ऐकून तुम्हाला हेवा वाटेल. आबांच्या माणसांनी मला धुतलं, पुसलं, कडेनं लाल रंग दिला. सकाळी हळदकुंकू वाहिलं, माझ्या कडेवर नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. जन्मात मला कुणी हार घातला नव्हता. मी इतका फुगलो की त्या क्षणी कुणी पाय ठेवला असता तर थेट चंद्रावर गेला असता. सगळ्यांनी मला वरून पाहिलं. खाली कुणी पाहिलं नाही. खालचं रबर गेल्या महिन्यापासूनच गुळगुळीत झालं होतं. निघायच्या आधी बदलू, असं सर म्हणाले होते. दौंडच्या खडबडीत फरशीवर तेवढं चालून जात होतं. इथं मांडववाल्यानं सगळीकडे नवं हिरवं कारपेट अंथरलं होतं.

भाषणं झाली. दोघींना फेटे बांधले, अगदी सारखे. खंडू पहिल्या रांगेत बसला होता, पॅंटला इस्त्री करून. मग उडीची वेळ झाली. रीतीप्रमाणे माया पुढं आली, फेटा काढून सायलीच्या हातात दिला आणि मला उलटा करायला वाकली. तिचे हात माझ्या कडेला लागलेसुद्धा.

"अगं अगं," आबा खुर्चीतून म्हणाले, रागानं नाही, लाडानं. "पूजा झालेली वस्तू उलटी न्हाई करू बाळ. पाय वर व्हत्यात त्याचे."

माया थांबली. तिच्या घरी असल्या पूजा होत नाहीत. पण समोर आबा होते, त्यांनीच बांधलेला फेटा होता, सगळा बाजारतळ बघत होता. तिनं सरांकडे पाहिलं.

सर हळूच म्हणाले, "राहू दे. एकच तर उडी हाय."

तिनं हार तेवढा काढून बाजूला ठेवला, आणि लांब जाऊन उभी राहिली.

ती आली तशीच आली, नेहमीसारखी. पाय पडले, एकच आवाज झाला. आणि मी तिला वर फेकायच्या ऐवजी स्वतःच पुढं गेलो, कारपेटवरून, टेबलाच्या खाली. तिचे हात टेबलाला लागलेच नाहीत. ती माझ्या कडेवर आली, त्या लाल कडेवर, आणि तिचा घोटा मुडपला. तो आवाजही एकच झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ते खेळातलंच वाटलं. ताशेवाल्यानं ताशावर काडी मारली. उठून धावला तो फक्त खंडू.

सायली फेटा छातीशी धरून उभी होती. ती मायाजवळ बसली आणि म्हणाली, "ताई, मी मारायला पायजे होती पयली." माया दात आवळून म्हणाली, "तू गप बस. आन् आता त्याच्यावर उडी मारू नको."

पायाला प्लॅस्टर आलं. गाडी ठरल्या दिवशी दौंडहून निघाली आणि तिच्यात सर आणि सायली दोघंच बसले. मला परत शेडमध्ये आणून टाकलं होतं. प्लॅस्टरवाल्या पायानं माया रोज येऊन खुर्चीवर बसायची. कशाला यायची कोण जाणे. शेड रिकामी होती.

एका संध्याकाळी आबा आले. शिरूरहून गाडी करून, एकटेच. खंडू पोरीला न्यायला आला होता. आबा बराच वेळ काठीनं फरशीवर रेघा ओढत राहिले.

"खंडूराव," ते शेवटी म्हणाले. इतके दिवस ते त्याला नुसतं खंडू म्हणत. "माझ्यामुळं झालं."

खंडू म्हणाला, "आबा, तुम्ही फेटा बांधला तवा मलाबी लई बरं वाटलं व्हतं. पोरगी वाकली ती मीबी बघितली. मला म्हाईत व्हतं ती का वाकली. घरी रोज सांगायची ती. पन म्हनलं, चार मानसांत कशाला बोला."

दोघं तसेच बसले. बाहेरून मालगाडी गेली, आणि खंडूनं सवयीनं तिच्या चाकांच्या आवाजाला कान दिला.

स्पर्धा संपवून सायली आली ती स्टेशनवरून थेट शेडमध्ये, पाठीवर बॅग तशीच. माया खुर्चीवर होती. पोरगी तिच्या पायाशी बसून एकेक सांगू लागली. हॉल केवढा होता, गाद्या निळ्या होत्या, एका राज्याच्या पोरींनी केसांना चमकी लावली होती.

"व्हॉल्ट कसा गेला?" मायानं विचारलं.

"आधी बोर्ड उचलून खाली बघितलं मी."

"तिथं?"

"मग काय! पंचबाई म्हणाल्या, 'क्या ढूँढ रही हो, बेटा?' मी म्हणलं, 'रबर.' सगळे हसले. सर नाही हसले." सायलीनं पाठीवरची बॅग उतरवली. "फायनलला गेले ताई, पदक नाही आलं. उतरताना एक पाय सरकला. पुढं कुणी गेलंच नव्हतं ना आपल्यातलं. बोर्ड कसा हाय ते कळंना."

सायलीनं बॅगेच्या पट्ट्याशी चाळा केला.

"सीनियरच्या दिवशी तुझं नाव पुकारलं, ताई. कुणीतरी काढायचं राहिलं असंल. माईकवरून, दोन्दा. मी उठून उभी राहिले."

"तू कशाला?"

"कुणीच उभं राहिना म्हणून. सर म्हणाले, खाली बस. मग पुढचं नाव घेतलं."

माया खुर्चीत मागं टेकली. "उच्चार बरोबर केला का तरी?"

"व्हय."

"मग झालं की," माया म्हणाली, आणि दुसरीकडे बघू लागली.

मित्रांनो, आता प्लॅस्टर निघालं आहे. माया चालते, जिना चढते. डॉक्टर म्हणाले, व्हॉल्ट नको. भरतीचा अर्ज गेला नाही. सर बारक्या पोरांना तिच्याकडे सोपवतात. सरांनी माझे रबरी पाय अपघाताच्याच आठवड्यात बदलले, नवे कोरे, खाचांचे. बदलून झाल्यावरही ते मला पुन्हा पुन्हा उलटा करून बघत राहिले. मी बोलू शकत असतो तर म्हणालो असतो, राहू द्या सर. पण ते त्यांनी आधीच एकदा म्हटलं होतं.

तुम्हा मुलांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या शाळेत, तालमीत, मैदानावर माझ्यासारखं काही असेल, तर त्याला हार घालू नका. घालायचाच असेल तर आधी त्याला उलटं करा. आमचा अपमान होत नाही. आमचे पाय वर झाले तर आम्हाला राग येत नाही. आणि कुणी थोरलं माणूस मायेनं थांबवायला लागलं, तर त्यांना हसून सांगा, आजोबा, एवढं बघू द्या, मग नमस्कार करते. ते ऐकतात. आबांनी ऐकलं असतं. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

हल्ली दुपारी पोरं यायच्या आधी माया एकटी येते. मला उलटा करते, पुसते, सरळ करते. लांब भिंतीपाशी जाऊन उभी राहते. मग धावत येते. तेच पाय, तोच वेग. मी पाटे आवळून तयार असतो. ती माझ्यापाशी येऊन थांबते.

मग ती माझ्यावर बसते. आजवर माझ्यावर कुणी बसलं नव्हतं, मित्रांनो. जे येतात ते त्याच क्षणी निघून जातात, तेच माझं काम. ती बसून राहते, पोरांची वाट बघत, आणि माझे पाटे तिच्या वजनानं दबून राहतात. फेकायचं नाही, नुसतं धरून ठेवायचं. मला ते अजून नीट जमत नाही. शिकतो आहे.