फरशी वाळेपर्यंत

आमची एकच खोली होती. आई फरशी पुसायला लागली की आम्ही दोघी बहिणी खाटेवर चढायचो. दारापासून पुसत पुसत ती खाटेशी यायची, टुणकन वर बसायची आणि पाय पोटाशी घ्यायची. फरशी वाळेपर्यंत ती खाट आमची होडी. तेवढ्या वेळात आई, ती कामाला जायची तिथल्या मालकिणीची अशी नक्कल करायची की हसून हसून आमची मुरकुंडी वळायची.

मालकिणीच्या घरी मात्र आई उलटी पुसायची. आतल्या खोलीपासून मागे मागे सरकत दारापर्यंत आणि तशीच बाहेर. ओल्या फरशीवर आमच्या जातीचं पाऊल उमटलेलं मालकिणीला चालायचं नाही. स्वयंपाकीणबाई त्याच फरशीवरून ठुमकत जायची, तिला सगळं माफ. आईच्या पायाचं एक बोट जरी दिसलं तरी, "परत पुस गं, सगळं!" मी पायरीवर बसून वाट बघायची. आधी आईची पाठ यायची, मग आई. त्या मालकिणीचा मला आजही संताप येतो.

मागच्या महिन्यात मी घर घेतलं. आईनं आता माझ्याकडेच राहावं, एवढाच माझा हट्ट.

"दोन दिवस बघते. नाही करमलं तर आपली खोली आहेच," ती म्हणाली.

पहिल्याच सकाळी मी आंघोळ करून आले तर घर लखलखीत आणि आई दाराबाहेर जिन्यात उभी, पायात चपला, हातात फडकं.

"निघालीस?"

"नाही गं. पुसता पुसता बाहेरच आले बघ. वाळू दे, मग येते."

"आई, हे तुझं घर आहे!"

"हो, पण ओलं आहे ना अजून."

मी तरातरा ओल्या फरशीवरून गेले, तिला चपला काढायला लावल्या आणि हात धरून पलंगापर्यंत ओढत आणलं. दोघी पाय वर घेऊन बसलो. आईनं मालकिणीचा आवाज काढला, "परत पुस गं, सगळं!" हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहते बाई, राहते. सोड आता हात," आई म्हणाली.

मग माझं लक्ष फरशीकडे गेलं. दारापासून पलंगापर्यंत माझी पावलं ठसठशीत उमटली होती. आईचं एकही नव्हतं. येताना तिनं फडकं पायाखाली टाकलं होतं आणि आपली तेवढी पुसत आली होती.