तुळसाने मागितलेली बाज

मी एक जुनी बाज आहे. मित्रांनो, तुम्ही पलंगावर झोपणारी मुलं, तेव्हा मी तुम्हाला ठाऊक नसेन. पण पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी आहे, तिथली निम्मीअधिक माणसं जन्मल्यावर माझ्यावरच निजली आहेत.

शिवा सुताराने फणसाच्या लाकडाची माझी चौकट केली आणि सुंभाने मला विणलं. मी सगळ्या वाडीची. एरवी गंगाकाकींच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असे. कुणी बाळंत झालं की बायका येऊन मला उचलून नेत. वर बाळ-बाळंतीण, खाली शेगडीत ओवा-शेपांची धुरी. ते दहा दिवस माझा थाट काय विचारता! वाडीतल्या प्रत्येक बाईचं दुखणंखुपणं मला ठाऊक आहे, अशी माझी घमेंड होती.

२००२ साली ती पार उतरली.

तुळसा ही गंगाकाकींची सून. नवरा अनिल मुंबईला. भाद्रपदात, पाचव्या महिन्यात तिचं पोट पडलं. अशा बाईला बाज द्यायची रीत नव्हती. ती बाजेवर निजली तर पुढच्या बाळंतिणीच्या बाळाला बाधतं, असं सगळ्या मानत. मीही मानत होते, खोटं कशाला बोलू? माझ्यापासून चार हातांवर तुळसा जमिनीवर घोंगडी टाकून निजली आणि तिसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी ओढायला गेली. पुढे ती बोलेनाशी झाली, जेवेनाशी झाली. अंगारे झाले, धुपारे झाले. शेवटी तिला माहेरी धाडायचं ठरलं, ते परत न आणण्यासाठीच.

दसऱ्यानंतर रत्नागिरीहून स्वानंदी नावाची मुलगी आली. पोट पडल्यावर बायकांच्या मनाचं काय होतं, आणि त्यातून गेलेल्या बायका एकमेकींना आधार देऊ शकतात का, याचा ती अभ्यास करत होती. पडवीत नऊ जणी जमल्या, त्यांत शेजारची पोटुशी तेजस्वीही होती.

"तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय?" तिने विचारलं.

गंगाकाकी चहा ठेवायला उठल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून तुळसा बोलली, कित्येक दिवसांनी.

"माझा झाला. मला कुनी इचारलान नाय. आई, धाडायची तर धाडा मला. पन आधी ती बाज द्या. धा दिवस."

मी हादरले! मला मागते?

"येडी झालीस काय गो?" गंगाकाकी कडाडल्या. "हितं तेजस्वीला नववा लागलाय!"

तेव्हा म्हातारी गोदाआजी म्हणाली, "दे तिला, गंगे. माझी दोन गेलीत."

"माझा एक," दुसरी पुटपुटली. मग तिसरी, चौथी. मी मोजत गेले आणि सुन्न झाले. या सगळ्या माझ्यावर निजून उठलेल्या बायका, आणि मला यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. स्वानंदीने छापील प्रश्नांचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

गंगाकाकी तुळसाजवळ येऊन बसल्या. "अनिलच्या आधी एक," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिशी भाताच्या लावणीला गेलेले मी." आणि तुळसाचा हात धरून त्या रडू लागल्या. नवांतल्या सहा जणी! मग तेजस्वी उठली आणि पोट सावरत माझी कड धरू लागली. "उचला गो. मी मागनं हिच्यावरच निजनार." सगळ्यांनी ओरडून तिला खाली बसवलं आणि मला उचललं.

दहा दिवस तुळसा माझ्यावर निजली. रोज एक जण शेजारी बसून स्वतःचं सांगायची. चौथ्या दिवशी तिने मऊभात मागून घेतला. माहेरचं बोलणं मग कुणी काढलं नाही. महिन्याभराने तेजस्वी माझ्यावर निजली, कुशीत धडधाकट मुलगी घेऊन.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात. माझा सुंभ कुजला, एक पाय वाळवीने खाल्ला. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमची एखादी काकी, मावशी बाळाशिवाय दवाखान्यातून परत आली, तर दारामागे उभे राहू नका. तिच्याजवळ बसा, काय झालं ते विचारा. इतकी वर्षं त्या बायका माझ्यावर निजल्या, आणि मी एकीलाही विचारलं नाही. बाजेला तोंड नसतं. तुम्हाला आहे.