सांभाळलेलं गरोदरपण

आमच्या वाल्येवो शहरात गरोदर बाई दोन प्रकारची असते. एक धडधाकट, आणि दुसरी सांभाळून ठेवलेली. मी दुसऱ्या प्रकारातली. सुरुवातीला थोडं रक्त गेलं म्हणून डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे पडून राहा. ते आठवडे संपले, पण ऊठ म्हणून कुणी सांगेना. आता सहावा महिना लागलाय आणि मी अजून पलंगावरच आहे.

माझ्या सासूबाई रादोयका मला कोंबडीचं सूप चमच्याने भरवतात. खिडकी उघडी असली की दार बंद, दार उघडं असलं की खिडकी बंद. दोन्ही उघडी राहिली तर आरपार वारा लागून माणूस मरतो, असं आमच्याकडचं वैद्यकशास्त्र आहे. माझा नवरा रेल्या कामावरून आला की पोटाची विचारपूस करतो. माझी करायचं त्याला सुचत नाही.

एकदा सासूबाईंनी मला पकडलंच.

"रडतेस की काय, तियाना?"

"नाही हो आई, कांद्याने पाणी आलं."

"पलंगावर कुठला गं कांदा? हे बघ, पोरी, पोटातल्या बाळाला सगळं पोचतं. आई रडली की पोराचा मेंदू आखडतो. टीव्हीवर डॉक्टरीणबाई सांगत होत्या."

त्या दिवसापासून मी रडणंही सोडलं. खरं सांगते, मला त्या बाळाबद्दल काहीच वाटत नव्हतं. ते लाथ मारायचं तेव्हा शेजारच्या घरात कुणी भिंतीवर ठोकतंय असं वाटायचं. पण हे बोलायचं कुणाजवळ? मी दुःखी आहे म्हटलं की बाळाचं वाटोळं करतेय अशी कबुलीच दिल्यासारखं होतं.

सप्टेंबरात बिल्डिंगच्या सगळ्या बायका अंगणात चूल मांडून हिवाळ्याच्या आय्वार चटणीसाठी लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात. खालून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते.

"मी नुसती खुर्चीत बसून साली काढते ना," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? धूर जाईल पोटात," असं म्हणून सासूबाई एकट्याच खाली गेल्या. बाहेरून कडी घालायची त्यांना गरजच नव्हती.

मी उठले. खिडकी उघडली, बाल्कनीचं दारही उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. चौथ्या मजल्यावरून खाली बघताना मनात जे आलं त्याने मी हादरले. भिंतीला पाठ टेकवून जिवाच्या आकांताने ओरडले.

"आई!"

"अगं, आत हो! वारा लागेल!"

"आई, वर या! मला माझीच भीती वाटतेय!"

अंगणातल्या सगळ्या बायका माना वर करून बघायला लागल्या.

सासूबाई धापा टाकत आल्या, हात मिरच्यांच्या जळक्या सालींनी काळे झालेले. आधी बाल्कनीचं दार लावलं. "चार बायकांसमोर काय हे!"

मग मी सगळं सांगून टाकलं. मी नसते तर बरं झालं असतं असं रोज वाटतं, बाळाची मायाच येत नाही, सगळं. त्या आता मला कैदाशीण म्हणतील अशी माझी खात्री होती. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"रेल्याच्या वेळी मीही इथेच पडून होते. तोंडावर उशी दाबून रडायचे. झाल्यावर पोरगं चार वर्षांचं होईतो बोललं नाही. मी खोलीबाहेर गेले की निळं पडेपर्यंत किंचाळायचं. कुणामुळे, ते मला ठाऊक होतं."

"कुणाला सांगितलंत?"

"काय सांगू? माझं पोर मीच बिघडवलं म्हणून?"

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. इतकी वर्षं ही बाई स्वतःला शिक्षा देत होती, आणि आता तीच मला देत होती.

"रेल्याचं कशामुळे झालं ते मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही," मी म्हणाले. "पण तेव्हा तुम्हाला कुणी औषधपाणी करायला हवं होतं. मला मनाच्या डॉक्टरकडे न्या. आज, आत्ता."

त्या उठून हात धुऊन आल्या, कपाटाच्या तळातून माझे बूट काढले आणि माझे पाय सुजलेले म्हणून खाली बसून स्वतःच चढवायला लागल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"मी पण येऊ का गं आत, तुझ्याबरोबर? इतक्या वर्षांनी माझं ऐकतील का ते?"