सत्तर टक्क्यांचा करार

आमच्या बेटावरच्या गावात रस्त्यावर दुकान टाकलं की माणूस आपोआप न्यायाधीश होतो. मला तेवीस वर्षं झाली, आणि अजून एकाही खटल्यानंतर माझे आभार मानून कुणी गेलेलं नाही. उलट दोन्ही बाजूंचं उधारीचं मीठ मात्र माझ्याकडूनच जातं.

त्यातला सगळ्यात चिवट खटला मा आयोनी आणि मिस्टर थिओचा. दोघांची घरं माझ्या दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे, एकमेकांना खेटून. मधे कुंपण, आणि कुंपणाला लागून मा आयोनीच्या बाजूला तिचं नीरफणसाचं झाड. दर शनिवारी त्याच्या सावलीत शेगडी मांडून ती फणस भाजायची आणि खारवलेल्या माशाबरोबर विकायची. राजधानीला जाणारी बस खास त्यासाठी थांबायची. त्या शनिवारांवर तिचा आठवडा चालायचा. पण झाड मिस्टर थिओच्या छपरावर वाकलं होतं. तिच्या अंगणातून बघितलं तर सरळ दिसायचं. त्याच्या अंगणातून बघितलं तर वाटायचं, कुणी जोरात शिंकलं की पडेल.

मिस्टर थिओ म्हणजे निवृत्त बसचालक. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात त्याचं छप्पर गेलं होतं. तो आणि त्याची बायको पहाटेपर्यंत न्हाणीघरात गादी डोक्यावर घेऊन बसले होते. नंतर ती लेकीकडे इंग्लंडला गेली, आणि ‘इथे पाऊस सरळ खाली पडतो’ असं कळवून तिकडेच राहिली. नवीन हिरवं छप्पर त्याने एकट्याने, स्वतःच्या हाताने बसवलं. एक हजार एकशे चाळीस स्क्रू. आकडा मला पाठ आहे, कारण तो रोज सांगायचा.

मे महिन्यात त्याने कोयता काढला, तिने झाडू उगारला, आणि मी मधे पडले.

“हे बघा,” मी म्हटलं, “वादळ येणार असेल तर झाड धोक्याचं. नसेल तर ते नुसतं झाड. खरं ना? मग नकाशालाच ठरवू दे.”

नकाशा म्हणजे फोनवरचा, हवामानवाल्यांचा. पावसाळाभर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून दर तीन-चार दिवसांनी हवेची एक लाट निघते आणि समुद्र ओलांडत आमच्याकडे सरकते. बहुतेक वाटेतच मरतात. ज्या लाटेचं वादळ होऊ शकतं तिच्यावर ते रंगीत डाग घालतात आणि शेजारी टक्के लिहितात. पिवळा म्हणजे चालू द्या, नारिंगी म्हणजे मेणबत्त्या बघून ठेवा, लाल म्हणजे माझं दुकान तासाभरात रिकामं.

“सत्तर टक्के झाले की झाड कापायचं,” मी निकाल दिला. “साठपर्यंत कुणी पानालाही हात लावायचा नाही.”

सत्तरच का, ते मला विचारू नका. बस यायची वेळ झाली होती आणि गिऱ्हाइकं खोळंबली होती.

जूनमध्ये पहिली लाट निघाली. दहा टक्के. मिस्टर थिओ सकाळी सहाला दुकानात हजर. “जोसेट, फोन काढ.” मी काढला. दहा. दुपारी पुन्हा. दहाच. दुसऱ्या दिवशी डागच गायब. पलीकडून मा आयोनी ओरडली, “काय हो मिस्टर थिओ, वारली का? दफन कधी आहे?”

जुलैमध्ये सहारातली धूळ आली. डोंगर दिसेनात, कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही, अर्धं गाव खोकत होतं. पण धुळीत लाटा टिकत नाहीत, म्हणून मा आयोनी अशी खूश, की माहेरचं माणूस आल्यासारखी खिडक्या उघड्या टाकून बसली. “येऊ दे, येऊ दे,” म्हणत ती टेबलावरची धूळ पुसायची आणि मिस्टर थिओच्या शिंका मोजायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला मात्र एक लाट साठावर गेली, आणि तिथेच बसली. शुक्रवारी साठ, शनिवारी साठ. मिस्टर थिओला अन्न गोड लागेना. “दहाच तर हवेत,” तो माझ्या बाकावर बसून पुटपुटला. “एवढे दहा टक्के द्यायला त्यांचं काय जातं?”

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. स्वतः काय बोललो ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो टोपी विसरून घरी गेला.

रविवारी चर्चमध्ये फादरनी ती लाट परत फिरावी म्हणून प्रार्थना केली. सगळ्यांनी खड्या आवाजात आमेन म्हटलं. मिस्टर थिओला नेमका तेव्हाच खोकला आला.

“फादर,” मा आयोनी बाकावरून म्हणाली, “एक आमेन कमी पडलं. पुन्हा घ्या.”

फादरनी पुन्हा घेतलं. मिस्टर थिओ कानापर्यंत लाल झाला, आणि त्याने ओठ हलवले. आवाज आला की नाही, देवाला माहीत. लाट सोमवारी विरली. हसून हसून माझं पोट दुखलं, पण त्या आठवड्यात त्याने एकदाही स्क्रूंचा आकडा सांगितला नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही.

मग सप्टेंबरातली ती लाट आली. मंगळवारी चाळीस, बुधवारी साठ, गुरुवारी सकाळी सत्तर. लालभडक. मी फोन उलटा करून ठेवला. पण फोन काही माझ्या एकटीकडेच नव्हता. नऊच्या आत माझ्याकडची बिस्किटं, बॅटऱ्या आणि तार संपली, आणि मिस्टर थिओच्या दारात यांत्रिक करवतवाला क्लेव्ही उभा राहिला.

तेवढ्यात मा आयोनी घरातून निघाली. काखेत उशी, एका हातात बायबल, दुसऱ्या हातात कोंबडी. आमच्याकडे लाकडी घरातली माणसं वादळात सिमेंटच्या घरात जातात. बोलणं बंद असलं तरी आसरा बंद नसतो. मोठ्या वादळानंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात ती मिस्टर थिओच्या न्हाणीघरातच बसली होती.

ती सरळ आत गेली. मीही मागोमाग गेले, न्यायाधीश म्हणून. न्हाणीघरात छोटी खिडकी आहे. तिने कोंबडी खाली ठेवली, खिडकीतून वर झाडाकडे बघितलं, आणि खाली बसली.

“मिस्टर थिओ,” ती म्हणाली, “कापून टाका.”

“करारच आहे तसा,” तो म्हणाला. तोंड तिच्याकडे नव्हतं.

“करार राहू दे बाजूला. मी ईस्टरपासून रोज दोरी लावून मोजतेय. चार बोटं वाकलंय. मला माहीत होतं.” तिने डोळे पुसले. नवरा गेला तेव्हा मी तिला रडताना बघितलं नव्हतं. “पण ते गेलं तर शनिवारी मी कुठे बसू? मला कोण ओळखतं त्या झाडाशिवाय?”

मिस्टर थिओ टबाच्या कडेवर बसला.

“मा, मी तीन महिने वादळ मागत होतो,” तो म्हणाला. “रोज. याच खोलीत गुडघे टेकून. इथे गादी डोक्यावर घेऊन बसलेला माणूस मी, आणि तुमचं झाड पडावं म्हणून वादळ मागत होतो. लाज वाटते मला.”

“वाटायलाच हवी,” मा आयोनी म्हणाली, आणि त्याच्यापुढे रुमाल धरला.

बाहेर क्लेव्ही झाडाभोवती फेऱ्या मारत होता. “इकडे पाडलं तर छप्पर जाईल. तिकडे पाडलं तर मा आयोनीचं घर. रस्त्याकडे ओढून पाडतो.”

“रस्त्यापलीकडे माझं दुकान आहे,” मी म्हटलं.

“तिथवर पोचत नाही गं.”

दोर बांधला. मिस्टर थिओ, मा आयोनी आणि बसमधून उतरलेले आठ जण ओढायला लागले. झाड कुरकुरलं, थांबलं, आणि मग सगळं एकदम आलं. पोचलं. माझ्या ओसरीचा पत्रा, दोन खांब, बाक आणि बर्फाची पेटी घेऊन शांतपणे आडवं झालं. पानांचा चीक माझ्या हिशेबाच्या वहीवर ठिबकत होता.

संध्याकाळी लाटेचं वादळ झालं, अगदी नाव देण्याजोगं. आणि दुसऱ्या दिवशी ते उत्तरेला वळून भर समुद्रात निघून गेलं. आमच्याकडे पाऊससुद्धा धड पडला नाही. अख्ख्या बेटावर त्या वादळाने केलेलं नुकसान म्हणजे माझी ओसरी.

मा आयोनी आणि मिस्टर थिओ अजून फांद्यांमधून फणस वेचत होते. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. कुणीतरी सॉरी म्हणेल अशी माझी अपेक्षा.

“जोसेट,” मा आयोनी म्हणाली, “एक विचारू? लाटेचं वादळ होईल की नाही, त्याचे ते टक्के ना?”

“हो.”

“म्हणजे ते आपल्याकडे येईल की नाही, याचे नव्हेत?”

मी वहीवरचा चीक पुसायला लागले.

“मग ‘आपल्याकडे येणार असेल तर’ एवढं करारात घालायला तुला काय झालं होतं?” मिस्टर थिओ म्हणाला.

“तेच म्हणते मी,” मा आयोनी म्हणाली. “माझं चांगलं झाड गेलं हिच्यापायी.”

“माझ्या छपराला आता दिवसभर ऊन. भट्टी होणार घराची.”

“न्यायाधीश म्हणे!”

कुंपण घातल्यापासून त्या दोघांचं हे पहिलं एकमत. मी इतकी चिडले होते, की पाठ फिरवून दुकानात निघून गेले.

सोमवारी मिस्टर थिओ शिडी आणि स्क्रूंचा डबा घेऊन माझ्या दारात आला. मा आयोनीने शिडी धरली. ओसरी हातभर रुंद करायची, असं दोघांनी मला न विचारताच ठरवलं होतं, म्हणजे शनिवारी तिची शेगडी नीट मावेल. फणस तो डोंगरावरच्या भावाच्या वाडीतून आणणार होता.

“तिरका लावलास, थिओ,” ती खालून ओरडली.

“तिरका दिसतोय तुला. इथे वर येऊन बघ.”

मी गल्ल्यामागे बसून फोन उघडला. आफ्रिकेच्या किनाऱ्याला नवा डाग लागला होता. पिवळा, वीस टक्के. वरून मिस्टर थिओने विचारलं, “जोसेट, काही आहे का गं?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि फोन साखरेच्या डब्यामागे ठेवून दिला. आधी माझा पत्रा बसू दे.