हेस्टरची पिवळी

खाणकामगारांच्या त्या गल्लीत वाटणी ठरलेली होती. भाजी पुरुषाची, फुलं बाईची. एनॉकने चाळीस वर्षं मनगटाएवढे लीक, कांद्याच्या जातीची ती भाजी, पोसले, गावच्या प्रदर्शनात बक्षिसं मारली आणि बायकोच्या फुलांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मे महिन्यात हेस्टर पायरीवरून पडली, कमरेचं हाड मोडलं. गाडीत घालताना तिने एकच गोष्ट बजावली, माझी पिवळी जप. पिवळी म्हणजे डबल पाकळ्यांच्या वॉलफ्लॉवरचं झुडूप, तिच्या आईकडून आलेलं. माहेरचं म्हणून तेवढंच उरलं होतं तिला.

जपतो म्हणाला आणि जपलीही बिचाऱ्याने. दोन वेळा पाणी, लीकसाठी राखलेलं खत, फांदी न् फांदी लोकरीच्या धाग्याने काठीला बांधलेली. फुलं सुकली तशी तो शेंगांची वाट बघू लागला. बी धरलं की पेरू, नवी रोपं होतील, सोपा हिशेब. बाकीच्या साध्या वॉलफ्लॉवरना शेंगा लागल्या, पिकल्या, फुटल्याही. पिवळीला काही लागेना. दवाखान्यात हेस्टर विचारायची, हा म्हणायचा, मस्त आहे. तीही पुढे काही बोलायची नाही. जूनमध्ये काय करायचं असतं हे कुणाला सांगावं लागतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

ऑगस्टमध्ये पानं गळाली. याने आणखी पाणी ओतलं. महिनाअखेरीस नखाने साल खरवडली तर आत कोरडं लाकूड. मग मात्र चार वर्षांत पहिल्यांदा त्याने शेजारच्या डॉर्कसचं दार वाजवलं.

चार वर्षांपूर्वी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्याचे लीक चिरून टाकले होते. पुरावा काडीचा नव्हता, तरी एनॉकने भर गल्लीत डॉर्कसच्या नवऱ्याला, राल्फला, चोर ठरवलं. या बागेतलं पानही त्या कुंपणापलीकडे जाणार नाही, असं हेस्टरला बजावलं. पुढे राल्फ वारला. हा माती द्यायलाही गेला नाही.

डॉर्कसने त्याला आत घेतलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "तिला बी धरतच नाही रे. जूनमध्ये फांद्या काढून मातीत खोचायच्या, दरवर्षी. दोन-तीन वर्षांपलीकडे जगत नाही ती."

"कुणी बोललं नाही मला."

"तू कधी विचारलंस? म्हणून तर आम्ही बायका एकमेकींना फांद्या द्यायचो. एकीची मेली तर दुसरीकडे असावी."

"मग तुझ्याकडे असेल." त्याने जवळजवळ हात जोडले. "एक फांदी दे, डॉर्कस. पाया पडतो तुझ्या."

"माझी थंडीने गेली, तुमचं भांडण झालं त्याच हिवाळ्यात. पुढची दोन वर्षं जूनमध्ये मी फांदीसाठी कुंपणाशी उभी राहिले. हेस्टर बघायची आणि मान खाली घालून आत जायची. तुझा शब्द मोडवेना तिला. गल्लीत आता कुणाकडेच नाही. फिरू नकोस."

तरी तो फिरला. बारा घरं. म्हाताऱ्याची कीव येऊन लोकांनी चहा दिला, फांदी कुणाकडेच नव्हती.

सप्टेंबरात हेस्टर घरी आली. काठी टेकत तडक वाफ्याशी गेली. वाळका खराटा, प्रत्येक काडी नीट बांधलेली. एनॉक मागे उभा. तिने शिव्या घालाव्यात, काठी उगारावी, काहीही करावं, असं त्याला झालं होतं.

"डॉर्कसकडे गेला होतास?" तिने विचारलं.

"गेलो होतो. तिच्याकडेही नाही."

"ठाऊक आहे मला. दोन वर्षं जूनमध्ये मी तिच्यासाठी काढलेल्या फांद्या हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी होते, एनॉक. तुझा शब्द पाळला आणि चुलीत टाकल्या."

ती काठी टेकत आत गेली.